अफूवर्गीय पदार्थांचे व्यसन : समदुःखींचा आधार

अफूवर्गीय मादक पदार्थांच्या व्यसनातून बाहेर पडू पाहणाऱ्या माणसाला, त्याच व्यसनातून गेलेल्या आणि सावरलेल्या माणसांनी दिलेली संघटित साथ. स्वमदत गटांच्या सभा, व्यसनमुक्ती केंद्रांत समुपदेशक म्हणून काम करणारे जुने रुग्ण, आणि वस्तीत फिरून संपर्क ठेवणारे सहकारी कार्यकर्ते ही या आधाराची प्रमुख रूपे होत. हा आधार वैद्यकीय उपचारांना पूरक आहे, त्यांना पर्याय नाही. शरीरातून पदार्थ निघून गेल्यानंतरच्या महिन्या-वर्षांत त्याचा सर्वाधिक उपयोग होतो.

व्यसनाचे स्वरूप : अफू, तिच्यापासून मिळणारी मॉर्फीन व कोडीन ही द्रव्ये, मॉर्फीनपासून बनवलेले हेरॉइन, त्याचा अशुद्ध प्रकार असलेली ब्राऊन शुगर आणि प्रयोगशाळेत तयार होणारी ट्रामाडोल, फेंटॅनिल यांसारखी औषधे या वर्गात मोडतात. वेदनाशमन हा त्यांचा मूळ उपयोग आहे. सतत सेवनाने शरीर त्यांना सरावते. मात्रा वाढवावी लागते आणि पदार्थ मिळाला नाही की वियोगलक्षणे सुरू होतात. महाराष्ट्रात ब्राऊन शुगर ‘गर्द’ या नावाने ओळखली जाते, आणि वियोगलक्षणांना गर्द ओढणारे ‘टर्की’ म्हणतात. हेरॉइनच्या शेवटच्या मात्रेनंतर साधारण ६ ते १२ तासांत नाक व डोळे वाहू लागतात, जांभया येतात, अंगावर काटा येतो. मग पोटात मुरडा, उलट्या, जुलाब आणि पायांतल्या असह्य कळा सुरू होतात. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी त्रास टोकाला जातो आणि आठवडाभरात बहुतांशी ओसरतो.

खरी कसोटी त्यानंतर सुरू होते. झोप लागत नाही, मन कशात रमत नाही, जुना मित्र दिसला किंवा गर्द ओढायची नुसती चांदीची पन्नी दिसली तरी ओढ उसळते. मधल्या काळात शरीराचा सराव गेलेला असतो. अशा वेळी पूर्वीइतकीच मात्रा घेतली तर श्वास बंद पडून मृत्यू ओढवू शकतो. केंद्रातून किंवा तुरुंगातून सुटल्यानंतरचे पहिले काही आठवडे त्यामुळेच सर्वांत धोक्याचे मानले जातात. डॉक्टरांची भेट ठरल्या दिवशी होते, ओढ मात्र रात्री-अपरात्री केव्हाही लागते. त्या घडीला फोन उचलणारा, टर्की स्वतः सोसलेला माणूस हाताशी असावा, हे या आधारामागचे मूळ सूत्र आहे.

इतिहास : या पद्धतीचा उगम मद्यपाश सोडवण्याच्या चळवळीत आहे. अमेरिकेतील ॲक्रन या गावी १९३५ मध्ये बिल विल्सन आणि डॉ. बॉब स्मिथ या दोन मद्यासक्तांच्या भेटीतून ‘अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस’ (एए) उभी राहिली. केंटकी राज्यातील लेक्सिंग्टन येथे अफूवर्गीय व्यसनींसाठी सरकारी रुग्णालय होते. तेथे १९४७ मध्ये एएच्या धर्तीवर एक गट सुरू झाला. आजची ‘नार्कोटिक्स ॲनॉनिमस’ (एनए) मात्र १९५३ मध्ये लॉस एंजेलिस परिसरात स्थापन झाली. जिमी के. या नावाने ओळखले जाणारे सदस्य तिच्या संस्थापकांत होते. मादक पदार्थ घेणारे चार जण एकत्र आले तरी पोलिसांची पाळत लागेल, ही भीती त्या काळात खरी होती, म्हणून सुरुवातीच्या सभा जपून भरत. एनएने एएच्या व्यसनमुक्तीच्या बारा पायऱ्या जवळपास जशाच्या तशा घेतल्या, पण ‘मद्यापुढे’ हतबल असल्याच्या कबुलीऐवजी ‘व्यसनापुढे’ हतबल असल्याची कबुली ठेवली. त्यामुळे कोणताही पदार्थ घेणाऱ्याला तिचे दार खुले झाले. आज एनएच्या सभा १४० हून अधिक देशांत भरतात.

याच काळात निवासी प्रयोगही झाले. चार्ल्स डेडरिच यांनी १९५८ मध्ये कॅलिफोर्नियात ‘सिनॅनॉन’ ही वसाहत काढली. हेरॉइन सोडलेल्यांनीच चालवलेली ही संस्था आरंभी गाजली. पुढे तिने बंदिस्त पंथाचे रूप घेतले. १९७८ मध्ये तिच्याविरुद्ध लढणाऱ्या वकिलाच्या टपालपेटीत विषारी साप ठेवण्यापर्यंत तिच्या सदस्यांची मजल गेली आणि १९९१ मध्ये ती बुडाली. अनुभवी माणसाच्या हाती अनिर्बंध सत्ता गेली की आधाराची जागा जाच घेतो, हा धडा या क्षेत्राला तिच्यामुळे मिळाला.

तिसरा प्रवाह युरोपातून आला. नेदरलँड्समधील रॉटरडॅम येथे १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात हेरॉइन घेणाऱ्यांनी स्वतःची संघटना बांधली. काविळीचा प्रसार रोखण्यासाठी ॲमस्टरडॅममध्ये १९८४ साली वापरलेल्या सुयांच्या बदल्यात निर्जंतुक सुया देण्याची योजना सुरू झाली, तीत अशाच संघटनेचा पुढाकार होता. व्यसन सुटलेले नसतानाही माणसाचा जीव वाचवणे हे काम आहे, आणि ते त्याच्याच बरोबरीचा माणूस उत्तम करतो, ही भूमिका या प्रवाहाने रुजवली. त्याला ‘हानी-न्यूनीकरण’ म्हणतात.

कार्यपद्धती : एनएची सभा साधारण तास-दीड तासाची असते. जागा चर्चच्या, शाळेच्या किंवा सार्वजनिक सभागृहाच्या खोलीची. फी नसते. खर्च सदस्यांच्या ऐच्छिक वर्गणीतून भागतो आणि बाहेरची देणगी घेतली जात नाही. सदस्यत्वाची अट एकच असते, ती म्हणजे व्यसन थांबवण्याची इच्छा. बोलणारा पहिले नाव सांगतो, आपण ॲडिक्ट असल्याचे सांगतो आणि मग स्वतःचा अनुभव मांडतो. याला ‘शेअरिंग’ म्हणतात. मध्ये कोणी प्रश्न विचारत नाही, उपदेश करत नाही. सभेत ऐकलेले बाहेर न्यायचे नाही, हा दंडक असतो.

व्यसनमुक्त काळाची नोंद रंगीत की-टॅगने होते. नवागताला पांढरा, ३० दिवसांना नारिंगी, ६० ला हिरवा, ९० ला लाल, सहा महिन्यांना निळा, नऊ महिन्यांना पिवळा आणि वर्ष पुरे झाले की अंधारात चमकणारा टॅग मिळतो. तो घेताना टाळ्या वाजतात. व्यसन पुन्हा सुरू झाले, म्हणजे ‘स्लिप’ झाली, तर सदस्य पुन्हा पांढरा टॅग घेतो आणि टाळ्या तेव्हाही वाजतात. घरी, नोकरीत आणि पोलीस ठाण्यात ज्या अपयशाबद्दल बोल लावला जातो, त्याची कबुली न शरमता देता येईल अशी ही जागा असते. कायमचे सोडण्याची शपथ घ्यायची नाही, फक्त आजचा दिवस निभवायचा, ही शिकवणही याच रिवाजाचा भाग आहे.

जुना सदस्य नव्याचा ‘स्पॉन्सर’ होतो. तो रोज बोलतो, बारा पायऱ्यांचे लेखी काम करून घेतो आणि कठीण प्रसंगी सोबत करतो. यात देणाऱ्याचाही लाभ असतो. दुसऱ्याला सावरताना माणूस स्वतः अधिक सावरतो, हे तत्त्व अमेरिकी अभ्यासक फ्रँक रीसमन यांनी १९६५ मध्ये मांडले.

स्वयंसेवेच्या पलीकडे आता हे वेतनी कामही झाले आहे. अमेरिकेत २००७ मध्ये केंद्रीय आरोग्यविमा यंत्रणेने प्रशिक्षित सहकारी कार्यकर्त्यांच्या सेवेचा खर्च मेडिकेड योजनेतून देण्याची मुभा राज्यांना दिली. ओव्हरडोसमधून वाचवलेला रुग्ण शुद्धीवर येतो तेव्हा असा कार्यकर्ता आपत्कालीन विभागात त्याच्याशेजारी असावा, अशी व्यवस्था तेथील अनेक रुग्णालयांनी केली आहे.

महाराष्ट्रात : १९८० च्या दशकात मुंबई-पुण्यात गर्द झपाट्याने पसरली. मुंबईत फादर ज्यो परेरा यांनी वांद्रे येथे १९८१ मध्ये ‘कृपा फाउंडेशन’ सुरू केले. बारा पायऱ्यांच्या कार्यक्रमाला त्यांनी अय्यंगार पद्धतीच्या योगाभ्यासाची जोड दिली. एनएच्या सभाही याच दशकात मुंबईत रुजल्या.

पुण्यात अनिल अवचट यांनी गर्दच्या व्यसनावर लेखमाला लिहिली. ती वाचून पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांनी मदतीचा हात पुढे केला. येरवडा मनोरुग्णालयात काम करणाऱ्या डॉ. अनिता (सुनंदा) अवचट यांनी त्यातून १९८६ मध्ये ‘मुक्तांगण’ उभे केले. १९९७ मध्ये त्यांचे निधन झाले. पुढे त्यांची कन्या मुक्ता पुणतांबेकर यांनी संस्थेची धुरा सांभाळली. येथील निवासी उपचार ३५ दिवसांचा असतो. संस्थेचे वैशिष्ट्य म्हणजे उपचार घेऊन बरे झालेले रुग्णच प्रशिक्षणानंतर समुपदेशक आणि कार्यकर्ते होतात. ‘मला झोप येत नाही, मी सुटणार नाही’ असे म्हणणाऱ्या नव्या रुग्णासमोर, त्याच वॉर्डात कधीकाळी तसाच तळमळलेला माणूस बसलेला असतो. गर्द मिळवण्यासाठी केलेल्या थापा, चोऱ्या आणि सबबी त्याला पाठ असतात. त्यामुळे त्याच्यापुढे बनवाबनवी चालत नाही आणि त्याची सहानुभूतीही खोटी वाटत नाही. घरी गेलेल्या रुग्णांसाठी गावोगावी पाठपुरावा गट भरतात. व्यसनी पुरुषांच्या पत्नींसाठी ‘सहचरी’ हा गट आहे, स्त्री-रुग्णांसाठी ‘निशिगंध’ हा स्वतंत्र विभाग आहे. संस्था गर्दच्या प्रश्नातून जन्मली असली, तरी पुढे तिच्याकडे येणाऱ्यांत दारूचे रुग्ण बहुसंख्य झाले.

भारतात इतरत्र : म्यानमारच्या सीमेलगतच्या मणिपूरमध्ये ‘नंबर फोर’ या नावाचे हेरॉइन शिरेतून टोचून घेतले जाई. एकच सुई अनेकांत फिरल्याने १९९० च्या सुमारास तेथे एचआयव्हीचा फैलाव झाला. इंफाळमध्ये व्यसनातून बाहेर पडलेल्यांनीच ‘सोशल अवेअरनेस सर्व्हिस ऑर्गनायझेशन’ (सासो) ही संस्था काढून सुया बदलून देणे, जखमांवर उपचार आणि समुपदेशन अशी कामे हाती घेतली. राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेच्या कार्यक्रमातही ‘पीअर एज्युकेटर’ हे पद आहे. सुया टोचणाऱ्यांच्या अड्ड्यांवर परक्या माणसाला थारा नसतो. जुना सोबती तेथे सहज जातो आणि रुग्णाला औषध केंद्रापर्यंत घेऊन येतो.

केंद्रीय सामाजिक न्याय मंत्रालयाने अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेमार्फत केलेल्या आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार, देशात सुमारे २.२६ कोटी लोक अफूवर्गीय पदार्थ घेत होते आणि त्यांपैकी सुमारे ७७ लाखांना मदतीची गरज होती. वापरात हेरॉइनने अफूला मागे टाकल्याचेही त्या पाहणीत दिसले.

औषधोपचार आणि मतभेद : न्यूयॉर्कमध्ये १९६० च्या दशकाच्या मध्यावर व्हिन्सेंट डोल आणि मेरी निस्वॉन्डर यांनी मेथॅडोन या औषधाने हेरॉइनच्या व्यसनावर दीर्घकालीन उपचार सुरू केले. मेथॅडोन किंवा ब्युप्रेनॉर्फिन नियमित दिल्यास ओढ आटोक्यात राहते आणि उपचाराच्या काळात मृत्यूचे प्रमाण सुमारे निम्म्यावर येते. जागतिक आरोग्य संघटनेने २००५ मध्ये दोन्ही औषधांचा अत्यावश्यक औषधांच्या यादीत समावेश केला. भारतात जिभेखाली विरघळणारी ब्युप्रेनॉर्फिनची गोळी केंद्रातच, कर्मचाऱ्यासमोर देण्याची पद्धत रूढ झाली.

स्वमदत गटांची परंपरा मात्र संपूर्ण वर्ज्यतेची आहे. ‘गोळी घेतोस म्हणजे तू अजून क्लीन नाहीस’ असे काही गटांत सुनावले जाते, आणि ते ऐकून रुग्ण परस्पर औषध सोडतात. हे घातक आहे. औषध सुटले की ओढ परत येते, आणि सराव गेलेल्या शरीराला पुढची पुडी अखेरची ठरू शकते. एनए ही संघटना बाहेरच्या विषयांवर मत देत नाही, आणि औषधावर असलेल्यालाही सभेला येता येते. वागणूक मात्र गटागणिक बदलते. औषध चालू ठेवून सभेला येणाऱ्याला सामावून घेणारा गट निवडावा, असा सल्ला आता तज्ज्ञ देतात.

परिणामकारकता : सहकारी आधारामुळे रुग्ण उपचारात अधिक काळ टिकतात आणि एकटेपणा कमी होतो, असे अनेक अभ्यासांत दिसले आहे. तरी दारूच्या बाबतीत बारा पायऱ्यांच्या पद्धतीला जितका भक्कम संशोधनाचा पाया आहे, तितका अफूवर्गीय व्यसनाबाबत अजून नाही. सभेला कोण आले याची नोंद ठेवायची नाही, हा गुप्ततेचा नियमच मोजमापाच्या आड येतो. कार्यकर्त्यांच्याही अडचणी आहेत. वेतन तुटपुंजे, व्यसनाच्या वातावरणाशी रोजचा संबंध आणि ओळखीच्या माणसांचे मृत्यू यांमुळे त्यांची स्वतःची व्यसनमुक्ती धोक्यात येऊ शकते. त्यांना प्रशिक्षण, ठरावीक रजा आणि वरिष्ठांची देखरेख मिळाली पाहिजे. मारहाण करणाऱ्या, साखळीने बांधणाऱ्या खासगी केंद्रांच्या बातम्या अधूनमधून येतात. चालक स्वतः व्यसनमुक्त आहे एवढ्यावर केंद्राची पारख करता येत नाही. नोंदणी, डॉक्टरांची उपस्थिती आणि नातेवाइकांना भेटण्याची मुभा या गोष्टी तपासूनच प्रवेश घ्यावा.

कायदा व मदत : १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्याच्या कलम ६४-अ नुसार, स्वतःसाठी अल्प प्रमाणात पदार्थ बाळगणाऱ्या किंवा सेवन करणाऱ्या व्यसनी व्यक्तीने स्वेच्छेने मान्यताप्राप्त संस्थेत उपचार घेतले आणि ते पूर्ण केले, तर तिला खटल्यापासून संरक्षण मिळते. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यात दारू व मादक पदार्थांच्या गैरवापराशी निगडित मानसिक अवस्थांचाही समावेश असल्याने, अशा रुग्णाला त्या कायद्यातील रुग्णहक्क लागू होतात. केंद्र सरकारची व्यसनमुक्ती हेल्पलाइन १४४४६ या क्रमांकावर निःशुल्क उपलब्ध आहे.