शाळकरी स्वयंसेवक आणि बेळगावचे अधिवेशन

टिळकवाडीतील काँग्रेस विहिरीवरून आपले रोजचे जाणे-येणे असते. १९२४ च्या डिसेंबरात येथे भरलेल्या काँग्रेस अधिवेशनाला पाणी पुरावे म्हणून ती खोदली. तेव्हा तिला पंपा सरोवर म्हणत आणि अधिवेशनासाठी उभारलेल्या नगराला विजयनगर. महात्मा गांधींनी अध्यक्षपद स्वीकारले ते या एकाच अधिवेशनाचे, याचा बेळगावकरांना सार्थ अभिमान आहे. आज मात्र मला तेथील स्वयंसेवकांकडे आणि मुलांकडे आपले लक्ष वेधायचे आहे. माध्यमिक शाळेतील मुलांनी गावच्या संस्थांतून थोडी सेवा करावी, असे आपण सगळेच म्हणतो. ती सेवा कोणती आणि ती कोणी करायची, या प्रश्नाची मुळे शोधताना बेळगावचे हे अधिवेशन टाळता येत नाही.

आधी थोडे मागे जाऊ. १९०१ साली गांधीजी प्रथमच काँग्रेसच्या अधिवेशनाला गेले, ते कलकत्त्याला. तेथल्या स्वयंसेवकांचे वर्णन त्यांनी आत्मकथेत केले आहे. एकाला काम सांगावे, तर तो दुसऱ्याला सांगे आणि दुसरा तिसऱ्याला. संडासांची घाण दाखवली, तेव्हा हे काम भंग्याचे, आमचे नव्हे, असे उत्तर मिळाले. गांधीजींनी झाडू मागितला आणि स्वतःपुरता संडास साफ केला. उत्साह होता, बिल्लेही होते. पण ज्या कामाला जात चिकटलेली होती, त्याला हात लावायची कोणाची तयारी नव्हती.

पुढच्या वीस-बावीस वर्षांत स्वयंसेवकाला शिक्षण हवे, ही जाणीव वाढली. आपल्या भागात तिचे श्रेय हुबळीच्या डॉ. ना. सु. हर्डीकरांना द्यावे लागते. १९२३ च्या नागपूर झेंडा सत्याग्रहात हुबळीच्या स्वयंसेवकांनी तुरुंगात दाखवलेला निर्धार पाहून, त्याच वर्षीच्या काकीनाडा अधिवेशनात अखिल भारतीय स्वयंसेवक संघटनेला मान्यता मिळाली. तीच पुढे हिंदुस्थानी सेवा दल म्हणून ओळखली गेली. हुबळीच्या टिळक कन्याशाळेचे काम पाहणाऱ्या उमाबाई कुंदापूर यांनी बेळगावसाठी दीडशेवर स्त्रिया स्वयंसेविका म्हणून उभ्या केल्या. त्यांत विधवाही होत्या. ज्या काळी विधवेने घराचा उंबरठा ओलांडणे कठीण, त्या काळातली ही गोष्ट आहे.

अधिवेशनाच्या व्यवस्थेचा भार गंगाधरराव देशपांडे यांच्यावर होता. सफाईचे काम काका कालेलकरांनी अंगावर घेतले आणि त्यांच्याबरोबर ब्राह्मण स्वयंसेवकही मैला उचलायला उतरले. कलकत्त्यात जे काम नाकारले गेले, ते तेवीस वर्षांनी बेळगावात मान्य झाले. अस्पृश्यता निवारण हा अध्यक्षीय भाषणाचा एक मुख्य विषय होता. विजयनगरात त्याचे प्रात्यक्षिकही दिसत होते.

पण हे चित्र येथेच पुरे केले, तर इतिहास अर्धा राहील. त्याच अधिवेशनात स्वागतगीत गायला धारवाडच्या मुली आल्या होत्या. त्यांत अकरा वर्षांची एक मुलगी होती. पुढे तिला साऱ्या देशाने गंगूबाई हनगल म्हणून ओळखले. गाणे गांधीजींपुढे म्हणायचे, याची तिला फारशी भीती नव्हती. भीती होती ती जेवणाच्या पंगतीची. आपण खालच्या मानलेल्या जातीतल्या, तेव्हा जेवण झाल्यावर जागा आपल्याकडूनच साफ करून घेतील की काय, ही धास्ती तिला होती. वयाच्या उत्तरार्धात गंगूबाईंनी स्वतःच ही आठवण सांगितली आहे.

एकाच नगरात, एकाच आठवड्यात, झाडूचे हे दोन अर्थ होते. ब्राह्मण तरुणाने तो उचलला, तर तो त्याग ठरत होता आणि त्याचे कौतुक होत होते. त्या लहान मुलीला मात्र तोच झाडू जन्माने आपल्या हाती येईल असे वाटत होते. काम तेच, पण नाही म्हणायची मोकळीक एकाला होती आणि दुसरीला नव्हती. सेवा आणि वेठ यांत हाच काय तो फरक.

पुढे १९३७ च्या वर्धा परिषदेत हाताच्या कामाला शिक्षणात स्थान मिळाले. कोठारी आयोगाने (१९६४-६६) समाजसेवा शिक्षणाच्या सर्व टप्प्यांवर असावी, अशी शिफारस केली. सत्तरच्या दशकाअखेरीस समाजोपयोगी उत्पादक कार्य हा विषय शाळांच्या वेळापत्रकात आला. सेवेला तास मिळाला, गुण मिळाले, प्रमाणपत्र मिळाले. हे वाईट झाले असे मी म्हणणार नाही. घरी कधी केरसुणी न धरलेल्या अनेक मुलांनी ती शाळेत प्रथम धरली.

तरीही आपल्या वाचनालयात, मंडळात, व्याख्यानमालेत मुले मदतीला येतात, तेव्हा एक गोष्ट पाहण्यासारखी असते. पाहुण्यांना गुच्छ द्यायला कोण पुढे होते आणि कार्यक्रमानंतर सतरंज्या झटकायला, कप विसळायला कोण थांबते? ही वाटणी कोणी ठरवत नाही, ती आपोआप होते. आणि आपोआप होणाऱ्या वाटणीत जुन्या सवयी लपून राहतात. गुच्छ देणारी आणि कप विसळणारी मुले पुढच्या वेळी पाळीने बदलली, तर ते नुसते व्यवस्थेचे काम राहणार नाही. त्या पंगतीत धास्तावून बसलेल्या मुलीला आपण दिलेले ते उत्तर असेल.