पेरोव्हस्काइट सौरघटातल्या पॉलिमर थराची कुळकथा

पेरोव्हस्काइट या प्रकाश शोषणाऱ्या स्फटिकाच्या सौरघटातला पॉलिमरचा थर मूळचा सौरऊर्जेच्या घराण्यातला नाही. पॉलिमर विद्युतवाहक होऊ शकते, हे शिराकावा, मॅकडिआर्मिड आणि हीगर यांनी 1977 साली दाखवले. त्याबद्दल त्यांना 2000 चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. 1980 च्या दशकाच्या अखेरीस जर्मनीतल्या बायर कंपनीत ‘पेडॉट’ हे असेच विद्युतवाहक पॉलिमर तयार झाले. ते पाण्यात मिसळत नसे, म्हणून त्याला ‘पीएसएस’ या आम्लधर्मी पॉलिमरची जोड देण्यात आली. या मिश्रणाचा सुरुवातीचा उपयोग अगदी साधा होता: फोटोच्या फिल्मवर स्थिर विद्युतभार साचू नये म्हणून आग्फा कंपनी त्याचा लेप देई.

योकोहामात त्सुतोमु मियासाका यांच्या गटाने 2009 साली 3.8 टक्के कार्यक्षमतेचा पेरोव्हस्काइट सौरघट केला. त्यात पॉलिमर नव्हते, भार वाहणारा द्रव होता, आणि त्या द्रवातच पेरोव्हस्काइट विरघळे. 2013 मध्ये तैवानातल्या संशोधकांनी काचेवर आधी पेडॉट-पीएसएस व त्यावर पेरोव्हस्काइट पसरले. कार्यक्षमता 3.9 टक्केच आली, पण ‘उलट्या’ रचनेच्या घटांची परंपरा तिथून सुरू झाली.

या थराने धनभार पुढे जाऊ द्यायचा आणि इलेक्ट्रॉन अडवायचे. ते कितपत साधते, हे त्याच्या अंतर्गत रचनेवर ठरते. पेडॉटच्या कणांभोवती पीएसएसचे वेष्टन असते. ते वीज वाहत नाही, हवेतला ओलावा शोषते आणि आम्लामुळे खालचा पारदर्शक विद्युतअग्र झिजवते. घटाच्या टिकाऊपणात पाणी मुरते ते इथेच. शिवाय पेडॉट-पीएसएस आणि पेरोव्हस्काइट यांच्या ऊर्जापातळ्या नीट जुळत नसल्याने व्होल्टेजही घटते.

2013 मध्येच दक्षिण कोरियात ‘पीटीएए’ हे दुसरे पॉलिमर वापरून 12 टक्क्यांपर्यंत मजल गेली. याच्या साखळ्या विस्कळीत असतात, पृष्ठभाग जलरोधी असतो. अशा न भिजणाऱ्या पृष्ठभागावर स्फटिकबीजे कमी पडतात आणि कणांच्या सीमा सरकताना अडखळत नाहीत. त्यामुळे पेरोव्हस्काइटचे कण मोठे वाढतात, असे अमेरिकेतल्या नेब्रास्का विद्यापीठातल्या गटाने 2015 साली दाखवले. मोठे कण म्हणजे सीमा कमी, आणि सीमांवर वाया जाणारा भारही कमी. मात्र द्रावण नीट न पसरल्यास थराला छिद्रे पडतात. पीटीएएची वाहकता बेताची, म्हणून त्याचा थर दहा नॅनोमीटरच्या आसपासच ठेवतात.

‘पी3एचटी’ हे पॉलिमर उलट स्वभावाचे. त्याच्या साखळ्या शिस्तीत एकावर एक रचल्या जातात, पण पेरोव्हस्काइटला थेट टेकल्यावर धन आणि ऋण भार तिथेच एकमेकांत विरत. 2019 साली कोरियन संशोधकांनी मध्ये एक पातळ हॅलाइड थर घातला. त्याच्या हेक्झिल शेपट्या पी3एचटीच्या तशाच शेपट्यांत गुंतल्या आणि बाहेरून क्षार न मिसळता 22.7 टक्के कार्यक्षमता प्रमाणित झाली.

त्याच सुमारास लिथुआनियातल्या काउनास आणि बर्लिनमधल्या संशोधकांनी एका रेणूइतक्या जाडीचे थर पुढे आणले. उलट्या घटांमध्ये आता बहुतेक ठिकाणी पॉलिमरची जागा त्यांनीच घेतली आहे.