तळटीप : चार्ल्स पूल, प्राग

* चार्ल्स पूल : प्राग शहरातील व्ल्तावा नदीवरचा दगडी पूल. आधीचा ज्युडिथ पूल १३४२च्या महापुरात कोसळल्यावर सम्राट चौथा चार्ल्स याने १३५७मध्ये या पुलाची पायाभरणी केली. लांबी सुमारे ५१६ मीटर, कमानी १६. पुलावरील ३० शिल्पे मात्र पुलाइतकी जुनी नाहीत. बहुतेक सतराव्या शतकाच्या अखेरीपासून पुढे बसवली गेली. वालुकाश्म झिजत असल्याने अनेक मूळ शिल्पे राष्ट्रीय संग्रहालयाच्या लॅपिडेरियममध्ये हलवून पुलावर प्रतिकृती उभ्या केल्या आहेत. नेपोमुकच्या संत जॉनची १६८३मधील कांस्यमूर्ती मूळचीच आहे. प्रागला जाणाऱ्याने तिच्यापुढे आवर्जून थांबावे. बाकीच्या मूळ कारागिरीसाठी संग्रहालयालाही वेळ द्यावा. – संपा.