लोखंड कोठून आणावें?

देवणी गांवाचें नांव दूरवर पोहोंचलें तें तेथील बैलांमुळें. रुंद कपाळाचा, लोंबत्या कानांचा, काळ्या-पांढऱ्या अंगाचा हा गोवंश उदगीरच्या पठारावर नांगरास आणि गाडीस सारखाच उपयोगी पडत आला. परंतु त्या बैलाच्या खुराखालची पत्री, त्याच्या मागच्या गाडीची धाव आणि नांगराचा फाळ ज्या लोखंडाचा, तें लोखंड बाहेरून आणावें लागे. बैल घरचा, बाभळीचें लाकूड बांधावरचें, लोखंड मात्र परगांवचें. अशा गांवांत स्वतःच्या हिंमतीवर भाता मांडून बसणाऱ्या लोहारापुढें पहिला प्रश्न कसबाचा नव्हता. कसब बापानें शिकविलेलें असे. लोखंड कोणाकडून आणि काय भावानें आणावें, हा त्याचा प्रश्न होता. उदगीर म्हटलें कीं इतिहासाच्या पुस्तकांत १७६० सालची लढाई येते; त्या लढाईंतील तरवारींचें लोखंड कोठलें, हें कोणी विचारीत नाहीं.

जोंवर लोहार बलुतेदार होता तोंवर हा प्रश्न त्याचा नव्हताच. बलुत्याच्या रीतींत लोखंड शेतकरी आणी, बहुधा कोळसाहि तोच आणी, आणि घण मारावयास किंवा भाता ओढावयास स्वतः बसे किंवा गडी पाठवी. लोहाराचीं तीं हत्यारें आणि हातचें कसब. मोबदला सुगीच्या वेळीं खळ्यावर धान्याच्या रूपानें मिळे. त्रिंबक नारायण आत्रे यांनीं १९१५ सालीं ‘गांव-गाडा’ या ग्रंथांत या व्यवस्थेचें सविस्तर वर्णन केलें आणि तिचे दोषहि निर्भीडपणें दाखविले. जातीनें बांधलेला धंदा, मापांत मारलेलें धान्य, आणि कांहीं बलुतेदारांच्या वांट्यास आलेली मानहानि यांचें समर्थन आज कोणी करणार नाहीं. तरी एक गोष्ट ध्यानांत घेण्याजोगी आहे. मालाची जोखीम गिऱ्हाइकाची असे. लोखंडाचा भाव चढला तर खिशास चाट बसे ती कुणब्याच्या. बलुतें सोडून स्वतंत्र झालेला कारागीर आपल्या श्रमाचा धनी झाला खरा. पण त्याबरोबर ही जोखीमहि त्याच्या डोक्यावर आली, आणि तिची त्याला मुळींच संवय नव्हती.

ही संवय असलेला एक लोहार मराठवाड्याच्या वाटांवर पिढ्यान्‌पिढ्या फिरत होता. तो म्हणजे घिसाडी. त्याला ना वतन, ना खळ्यावर हक्क. गांवाबाहेर पाल टाकावें, जमिनींतच भट्टी करावी, बायकोनें घण उचलावा आणि त्यानें सांडशींत लोखंड धरावें, असा त्याचा संसार. मोडकी पास, झिजलेला फाळ, तुटकें विळें हा त्याचा माल. एका गांवचें मोडीचें लोखंड दुसऱ्या गांवीं नवी वस्तु होऊन विकलें जाई. गांवकरी त्याच्याकडे परका म्हणून पाहत आणि पोलिस संशयानें पाहत. परंतु स्वस्त माल कोठें पडला आहे हें हेरण्याची विद्या या प्रांतांत त्याच्याइतकी क्वचितच कोणाजवळ असेल.

जुन्या काळीं लोखंडहि फार दुरून येत नसे. नांदेडच्या खालच्या अंगास, गोदावरीच्या खोऱ्यांत, निर्मळच्या आसपास कोळशाच्या लहान भट्ट्यांत लोखंड गाळलें जाई. त्याच भागांतील कोनसमुद्रम् येथील पोलाद इतकें नांवाजलेलें होतें कीं, तें पारखून घेण्यासाठीं इराणांतून व्यापारी येऊन मुक्काम करीत. डॉक्टर हेन्री व्हायसे या इंग्रज भूगर्भशास्त्रज्ञानें ही कृति डोळ्यांनीं पाहून लिहिलेला वृत्तांत १८३२ सालीं प्रसिद्ध झाला. पुढें एकोणिसाव्या शतकांत परदेशी यंत्रावर गाळलेलें लोखंड बंदरांतून उतरूं लागलें आणि रेल्वेनें तें देशाच्या पोटांत नेलें. त्याच्या भावापुढें गांवठी भट्टी टिकली नाहीं. जंगलाचे कायदे आले तशी कोळशाचीहि अडचण झाली. भट्ट्या विझल्या, आणि लोखंड विकणारा माणूस लोहाराच्या ओळखीचा राहिला नाहीं.

बार्शी लाइट रेल्वेचा अडीच फुटी रूळ १९११ सालीं लातुरास येऊन पोहोंचला. गळिताचें धान्य आणि कापूस त्या चिमुकल्या गाडींतून बाहेर जाऊं लागला. सळया, पट्ट्या, खिळे आणि धावेचें लोखंड आंत येऊं लागलें. लातुरची पेठ त्यानें वाढली. देवणीहून तेथें बैलगाडीनें जावयाचें तर वाटेंत मुक्काम करावा लागे. मग आतां स्वस्त लोखंड दाराशीं आलें म्हणावें, तर तसें झालें नाहीं. मोठा व्यापारी माल विकी तो वजनानें, एकदम आणि रोखीनें. आठवड्याच्या कामास हात-दीड हात पट्टी पुरे अशा लोहारानें त्याच्या पेढीवर जाऊन करावें काय? तो गांवच्या किंवा बाजाराच्या दुकानदाराकडे जाई आणि उधारीनें तुकडा घेई. तेथें भाव दुकानदाराचा, काटाहि दुकानदाराचा.

शिवाय हा मुलूख निजामाचा. ब्रिटिश हद्दींतून आलेल्या मालावर करोडगिरीच्या नाक्यावर सामान्यतः शेंकडा ५ प्रमाणें जकात बसे. बाहेरचा व्यापार कलदार रुपयाचा आणि गांवांतला हाली शिक्क्याचा. सहा कलदारांस सुमारें सात हाली पडत आणि बट्ट्याचा हिशेब करणारा नेहमीं दुसराच असे. अक्षरशत्रु कारागिरास या हिशेबांत आपण कोठें बुडालों हें कळण्याचा मार्गच नव्हता. उधारी फिटेना म्हणून घडविलेल्या कुऱ्हाडी त्याच दुकानांत, तोच सांगेल त्या भावानें द्यावयाच्या; असें झालें म्हणजे स्वतंत्र म्हणविणारा लोहार मजुराच्याहि खालीं गेला. मजुरास निदान कर्ज करून काम करावें लागत नाहीं.

याच सुमारास महाराष्ट्राच्या दुसऱ्या टोंकास एका स्वतंत्र कारागिरानें हा प्रश्न कसा हाताळला तें पाहण्यासारखें आहे. लक्ष्मणराव किर्लोस्कर मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्यें शिक्षक असतांना तेथून सायकली विकत घेऊन बेळगांवीं धाडीत आणि त्यांचे बंधु रामुअण्णा त्या तेथें विकीत. एक भाऊ मालाच्या मुखाशीं बसलेला आणि दुसरा गिऱ्हाइकाच्या दाराशीं. मधला दलाल अर्थातच नाहींसा झाला. देवणीच्या लोहारास असा मुंबईचा भाऊ नव्हता. पुढें औंधच्या पंतप्रतिनिधींनीं दिलेल्या जागेवर १९१० सालीं किर्लोस्करवाडी उभी राहिली. आणि चारच वर्षांनीं महायुद्ध पेटून परदेशी बिडाचा पुरवठा आटला. तेव्हां कोल्हापूरच्या शाहू छत्रपतींनीं किल्ल्यांवर निकामी पडलेल्या जुन्या तोफा त्यांस दिल्या. त्या वितळवून नांगराचे भाग ओतले गेले. मोडींतून माल काढण्याची ही घिसाड्याचीच विद्या. केवळ प्रमाण मोठें आणि पाठीशीं राजा.

त्याच लोखंडी नांगरानें गांवोगांवच्या सुताराचें आणि लोहाराचें लांकडी नांगराचें काम मात्र हिरावून नेलें. बलुतें आटण्याचें तें एक कारण झालें, आणि जे लोहार बाजाराच्या गांवीं दुकान मांडूं लागले त्यांत काम तुटल्यामुळें निघालेलेच फार होते. हौसेनें स्वतंत्र झालेले थोडेच.

या लोहारांस आधार मिळाला तो अनपेक्षित जागीं. निजामच्या रेल्वेखात्यानें १९३२ सालीं सरकारी मोटारी सुरू केल्या. खासगी मोटारी आणि लॉऱ्याहि वाढल्या. खडतर सडकांवर त्यांच्या आंसावरील पोलादी पाटे मोडत. मालकास तो मोडका पाटा टाकाऊ, परंतु त्याचें पोलाद उत्तम. त्याचा विळा धार धरतो, कुऱ्हाड दगडावर बसली तरी दुमडत नाहीं. पेठेंतल्या नव्या पट्टीहून स्वस्त आणि गुणानें सरस असा माल मोटार दुरुस्तीच्या छपरामागें पडलेला असे. तो प्रथम कोणी उचलला याची नोंद कोठें नाहीं. परंतु पाट्याचा विळा आणि पाट्याचा कोयता मराठवाड्याच्या बाजारांत त्याच नांवानें रूढ झाला.

सहकाराचा मार्गहि होता. १९०४ च्या कायद्यानें ब्रिटिश मुलुखांत सहकारी पतपेढ्या निघाल्या आणि हैदराबाद संस्थानांतहि पुढें तसा कायदा झाला. दहा जणांनीं मिळून एकदम माल घ्यावा आणि आपसांत वांटावा, ही कल्पना लोहारास तर सोन्यासारखी. परंतु पतपेढीचें सारें ध्यान शेतकऱ्याकडे. तारणास जमीन पाहिजे, लोहाराजवळ ऐरण. ऐरण गहाण ठेवली तर काम कशावर करावें, याचें उत्तर पतपेढीजवळ नव्हतें. शिवाय दहा लोहार एका गांवांत मिळावयाचे कोठून? विणकरांची गोष्ट वेगळी. सोलापुरांत ते पेठेच्या पेठा भरून राहत, आणि एकत्र सूत घेणें त्यांस शक्य तरी होतें.

१९४८ नंतर नाके उठले, हाली शिक्का गेला, आणि १९५६ सालीं उदगीर तालुका बिदर जिल्ह्यांतून निघून मराठी मुलुखांत आला. देवणी आज लातूर जिल्ह्यांत स्वतंत्र तालुक्याचें ठिकाण आहे. १७ सप्टेंबर २०२३ रोजीं केंद्र सरकारनें विश्वकर्मा योजना सुरू केली. तिच्यांत अठरा धंद्यांत लोहारहि आहे. त्याला शिक्षण, हत्यारांसाठीं १५,००० रुपये, आणि शेंकडा ५ व्याजानें प्रथम एक लाख व पुढें दोन लाखांचें बिनतारणी कर्ज मिळूं शकतें. ऐरणीचा पेंच एकदांचा सुटला, हें चांगलेंच झालें. लोखंड मात्र ज्याचें त्यानें पाहावयाचें आहे. तो अजूनहि मोडीच्या दुकानीं जातो, ढिगांतून पाटे निवडतो आणि किलोवर तोलून घेतो.