आणेवारी ते पीक कापणी

शिवारात उभं पीक किती उतरणार, हे पूर्वी नजरेनं ठरत असे. अंमलदार बांधावरून फिरे आणि पीक रुपयात किती आणे आलं ते कागदावर लिही. ही आणेवारी. सारा वसूल होणार की तहकूब, हे त्या एका आकड्यावर ठरे.

१९१८ साली मुंबई इलाख्यातल्या खेडा जिल्ह्यात याच आकड्यावरून सत्याग्रह झाला. पीक चार आणे किंवा त्याहून कमी असेल तर त्या वर्षीचा सारा तहकूब करावा, असा नियम होता. पीक चार आण्यांच्या आत आहे असं शेतकरी म्हणत होते, सरकारी कागद वरचा आकडा दाखवत होता. शेतं तीच, पाहणारे डोळे वेगळे. आणि ज्यांच्या नजरेला कायद्याचं वजन होतं, वसुलीची जबाबदारीही त्यांच्यावरच होती.

या गुंत्यातून सुटायची वाट बिहार-ओरिसातल्या भातखाचरांत सापडली. जॉन हबक हे तिथले सनदी अधिकारी. १९२३ ते १९२५ या काळात त्यांनी भाताचा उतारा मोजला तो त्रिकोणी चौकट पिकात बसवून. चौकटीत एकराचा जेमतेम ३२०० वा भाग मावे. तेवढंच कापायचं, झोडायचं, तोलायचं. पण चौकटीपेक्षा मोलाचा होता त्यांचा आग्रह : चौकट कुठे पडावी हे माणसानं ठरवायचं नाही. माणूस कितीही प्रामाणिक असला तरी त्याची नजर भरल्या कणसांकडे वळते, किंवा ते टाळायच्या नादात उगाच विरळ जागी जाते. जागेची निवड दैवावर सोपवली, तरच थोड्या कापणीवरून साऱ्या मुलखाचं अनुमान काढता येतं, आणि ते किती चुकू शकेल याचाही हिशेब मांडता येतो. हबक यांचं हे काम १९२७ साली छापलं गेलं. आपल्या पद्धतींवर त्याचा प्रभाव पडल्याचं संख्याशास्त्रज्ञ रोनाल्ड फिशर यांनी पुढे मान्य केलं. अशा दैवावर सोपवलेल्या, म्हणजे यादृच्छिक, नमुना निवडीची कुळकथा सांगताना इंग्लंड-अमेरिकेचीच नावं घेतली जातात, हे मला खटकतं. तिची एक ठसठशीत शाखा या खाचरांत रुजली.

त्याच १९२७ साली लंडनमध्ये संख्याशास्त्रज्ञ टिपेट यांनी जनगणनेच्या अहवालांतून उचललेल्या ४१,६०० यादृच्छिक अंकांचा तक्ता प्रसिद्ध केला. दैवावर सोपवायचं म्हणजे नेमकं काय करायचं, याचं उत्तर आता हाताशी आलं : तक्ता उघडा आणि अंक वाचा.

पुढे कोलकात्यात संख्याशास्त्रज्ञ प्रशांतचंद्र महालनोबिस यांनी १९३७ पासून बंगालच्या तागाची नमुना पाहणी उभी केली. छोटे छोटे तुकडे, पण पुष्कळ, आणि त्यासाठी खास नेमलेली माणसं, ही त्यांची रीत. तिला हरकत घेतली सातारा जिल्ह्यातल्या बुध गावच्या पांडुरंग वासुदेव सुखात्मे यांनी. तुकडा जितका लहान, तितकी क्षेत्राच्या मानानं त्याची कड लांब. कडेवरचं रोप आत की बाहेर, अशी शंका आली की कापणाऱ्याचा हात ते आत ओढतो, आणि उतारा फुगतो. म्हणून तुकडा मोठा घ्यावा आणि काम महसूल व शेती खात्याच्या नेहमीच्या माणसांकडून करून घ्यावं, असं सुखात्मे यांचं म्हणणं. हा वाद चांगलाच रंगला. दैवानं जागा निवडली तरी माणसाचा हात शेवटच्या वितीपर्यंत डोकावतो, हे त्यातून उघड झालं. मला ते हबक यांच्या शोधाइतकंच महत्त्वाचं वाटतं.

आजच्या पीक कापणी प्रयोगात हेच सारं टिकून आहे. शेताच्या नैर्ऋत्य कोपऱ्यात उभं राहायचं, तक्त्यातून किंवा यंत्रातून आलेल्या अंकांइतकी पावलं लांबीला आणि रुंदीला टाकायची, तिथे दोरी ताणायची, आतलं पीक कापून तोलायचं. पीक विम्याची भरपाई बऱ्याच अंशी या तोलण्यावर ठरते, म्हणजे त्या दोरीत आता शेतकऱ्याचं वर्ष अडकलेलं असतं. म्हणूनच गट नंबर आणि पावलांचे अंक कापणीआधी ग्रामपंचायतीच्या फलकावर लागले पाहिजेत, आणि वजनकाट्यापाशी गावचे चार जण उभे असले पाहिजेत.