कॅलिस्टो : राखेतून उठलेली खलनायिका

नव्वदच्या दशकात 'झीना : वॉरियर प्रिन्सेस' नावाची एक मालिका आली होती. चित्रीकरण न्यूझीलंडमधलं, गोष्टी ग्रीक दंतकथांच्या, आणि त्यात मनाला येईल तो मसाला. १९९५ ते २००१, सहा सीझन, १३४ भाग.

गंमत बघा, झीना मुळात नायिका नव्हतीच. मार्च १९९५ मध्ये ती 'हर्क्युलिस'च्या मालिकेत आली ती खलनायिका म्हणून. गावं लुटणारी, फौज घेऊन फिरणारी. तिसऱ्या भागात तिला मारून टाकायचा बेत होता. पण लूसी लॉलेसने ती भूमिका अशी काही वठवली की निर्मात्यांनी झीनाला जिवंत ठेवलं, पश्चात्ताप करायला लावला आणि तिची स्वतंत्र मालिकाच काढली.

इथवर सगळं छान. पापी माणूस सुधारला, टाळ्या! पण ज्यांची घरं जळाली, त्यांचं काय?

हा प्रश्न घेऊन मे १९९६ मध्ये कॅलिस्टो आली. हडसन लीक या अभिनेत्रीने ती साकारली. पहिल्या सीझनचा २२वा भाग, नावही 'कॅलिस्टो'च. आल्या आल्या ती गावांवर हल्ले करते, माणसं मारते आणि ते सगळं झीनाच्या नावावर खपवते. पुढे उलगडा होतो. झीनाच्या फौजेने सिर्रा नावाचं गाव उद्ध्वस्त केलं तेव्हा आग भडकली आणि कॅलिस्टोचं कुटुंब त्यात जळालं. ती तेव्हा लहान पोर होती.

इथे लेखकांनी सोपी वाट धरली नाही. झीना गुन्हा नाकारत नाही, 'जुनं विसर' असंही म्हणत नाही. उलट जमाव कॅलिस्टोला संपवायला निघतो तेव्हा तीच आडवी येते आणि रीतसर खटल्याचा आग्रह धरते. शेवटच्या लढतीतही तिचा जीव घेत नाही, तिला कैदेत पाठवते.

ग्रीक कथेतली मूळ कॅलिस्टोही अशीच. फसवलं झ्यूसने, शिक्षा मात्र हिला. अस्वल होऊन ती आकाशात गेली. आपले सप्तर्षी त्याच मोठ्या अस्वलाच्या तारकांपैकी.

कॅलिस्टोने निरपराधांना मारलं, त्याला माफी नाही. तिचं दुःख खरं म्हणून तिचा सूड न्याय ठरत नाही. पण मला खटकतं ते वेगळंच. झीनाला सुधारायला अख्खी मालिका मिळाली. सिर्राच्या त्या पोरीला मात्र वेळेवर विचारायला कोणी गेलं नाही.

आपल्याकडेही दंगल होते, वस्त्या जळतात. काही वर्षांनी कालचे पुढारी शांततेवर भाषणं देतात, आपण 'माणूस बदलला हो' म्हणतो. बदलला असेलही. पण जळालेल्या घरातलं पोर आज कुठे आहे, हे आपल्यापैकी कितीजणांनी विचारलं?

बघा, पटतंय का.