ऐरावत ते नेत्र

बंगळुरूची ‘सेंटर फॉर एअरबोर्न सिस्टिम्स’ (कॅब्स) ही डीआरडीओची प्रयोगशाळा १९९१ साली उभी राहिली. विमानावर बसवायच्या टेहळणी रडारचे काम मात्र १९८५ पासूनच चालू होते. अशा रडारची गरज निर्माण होते ती पृथ्वीच्या गोलाईमुळे. रडारच्या लहरी जवळजवळ सरळ रेषेत जातात. ३० मीटर उंच मनोऱ्यावरच्या रडारचे क्षितिज जेमतेम २२ किलोमीटरवर संपते आणि जमिनीलगत येणारे विमान त्याला फार उशिरा दिसते. तेच रडार ९,००० मीटरवर नेले की क्षितिज ३९० किलोमीटरपर्यंत सरकते. अचलपूरच्या सपाटीहून सुमारे ७०० मीटर उंच गाविलगडावरून वऱ्हाडचे मैदान नजरेत ठेवता येई, तेही याच न्यायाने.

पहिला प्रकल्प ‘ऐरावत’. त्यासाठी कानपूरला बनलेले एव्ह्रो विमान घेतले. ते हाताशी होते हाच त्याचा मोठा गुण. त्याच्या पाठीवर खांब उभारून ७.३ मीटर व्यासाची आणि दीड मीटर जाडीची फिरती तबकडी बसवली. अँटेना या तबकडीच्या पोटात. १९९० मध्ये विमान तबकडीसह उडाले. एवढे धूड पाठीवर आले की शेपटीकडे जाणारा हवेचा प्रवाह बिघडतो, त्यामुळे हे काम जितके इलेक्ट्रॉनिक्सचे तितकेच विमानबांधणीचेही होते. ११ जानेवारी १९९९ रोजी तमिळनाडूतील अरक्कोणमजवळ हे विमान कोसळले. आतले आठही जण गेले. त्यांत प्रयोगशाळेचे शास्त्रज्ञ होते. प्रकल्प थांबला. हवाई दलाची निकड मात्र कायम होती. २००४ मध्ये इस्रायली ‘फाल्कन’ रडार बसवलेल्या तीन रशियन आयएल-७६ विमानांचा करार झाला. पहिले विमान २००९ मध्ये आले.

२००४ मध्येच कॅब्सला नवा प्रकल्प मिळाला, ‘नेत्र’. यात तबकडी गेली आणि विमानाच्या पाठीवर लांबट, स्थिर पट्टी आली. अँटेना फिरवायची नाही, लहरींची दिशा इलेक्ट्रॉनिक पद्धतीने वळवायची, ही त्यातली युक्ती. रडार बंगळुरूच्याच एलआरडीई प्रयोगशाळेचे, तर विमाने ब्राझीलच्या एम्ब्रेअरची. तीन विमानांचा करार २००८ साली झाला. फेब्रुवारी २०१७ मध्ये पहिले ‘नेत्र’ हवाई दलाला मिळाले आणि २०१९ च्या बालाकोट कारवाईत ते वापरले गेले.

पट्टीची एक मर्यादा राहिलीच. रडारला दोन्ही बाजू मिळून २४० अंश दिसतात. नाकासमोरचा आणि शेपटीमागचा भाग सुटतो. २०२१ मध्ये मंजूर झालेल्या पुढच्या आवृत्तीसाठी एअर इंडियाकडची सहा एअरबस ए-३२१ विमाने ठरली. त्यांच्या नाकातही अँटेना बसवून ही व्याप्ती ३०० अंशांपर्यंत नेण्याची योजना आहे.